टेक केअरला जपानीत काय म्हणतात?

मी गोंदियात जपानी शिकवायचे, असं सांगितलं की समोरचा आधी हसतो. मग म्हणतो, "सांगा ना एखादा किस्सा." एक सांगितला की त्याला लागून दुसरा निघतो, दुसऱ्याच्या मागे तिसरा येतो, आणि तोवर चहा गार झालेला असतो. माझ्या क्लासात जपानी किती मुरली ते विचारू नका. किस्से मात्र एवढे साठले की आता ते घरात ठेवायला जागा उरलेली नाही!

दोन हजार सात-आठच्या आसपासची गोष्ट. पुण्यात जपानी शिकले, लग्न झालं आणि गोंदियात आले. घरात बसून शिकलेलं सगळं गंजून जाणार, या भीतीने एका टायपिंग इन्स्टिट्यूटच्या वरची खोली घेतली आणि बाहेर बोर्ड लावला, 'येथे जपानी भाषा शिकवली जाईल'. खालची टाइपरायटरं दिवसभर खडखडायची आणि वर मी एकटी बसून राहायचे. लोक जिना चढून यायचे, बोर्ड खरा आहे का ते बघायचे आणि जिना उतरून जायचे.

शेवटी तीन जण टिकले. आणि गंमत अशी, की तिघांनाही जपानीतला एकच शब्द हवा होता!

पहिल्या आल्या भारती सिस्टर. एका खाजगी दवाखान्यात नर्स. उंच, धिप्पाड, आणि बोलणं असं की पेशंट भीतीनेच बरा व्हावा. जपानात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला नर्स लागतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "मॅडम, मले बाकी काही नाई पायजे. केअर करणे, याले जपानीत का म्हणतात, तेवढा सांगा."

दुसरा पटले. राइस मिलवाल्या बापाचा मुलगा. त्याच्या वडिलांनी तांदळातला काळा दाणा वेगळा करणारी एक जुनी जपानी मशीन कुठूनतरी उचलून आणली होती आणि तिच्यावर सगळी अक्षरं जपानी. "मॅडम, देखो, मिस्त्री बोलला की कुठे कुठे केअर घ्यायची ते मशीनवर लिहिलेलं आहे. तो केअर शब्द मला ओळखता आला ना, बस हो गया!"

तिसरे मेश्राम काका. मालगाडीचे रिटायर्ड गार्ड. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, खिशाला शिट्टी अडकवलेली. रिटायर झाले तरी शिट्टी काही सुटली नव्हती. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी खोलीची दोन्ही दारं तपासली आणि मग म्हणाले, "मॅडम, मले जास्त नाई शिकाचा. एकच वाक्य शिकाचा आहे. माही पोरगी जपानात जाईन म्हणून राहिली. लग्न करून. तिची सासू इकडे येईल, तवा तिच्या तोंडासमोर उभा राहून मले म्हणाचा आहे, टेक केअर ऑफ माय डॉटर. पोरीले विचारून नाई, कोनाकडून म्हणवून घेऊन नाई. मी स्वतः म्हणीन."

मी म्हटलं, "काका, त्यात काय, शिकवते की!"

त्या एका वाक्याने आम्हाला वर्षभर कसं नाचवलं, तेच आता सांगते.

*

पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहून दाखवलं. इंग्रजीत केअर एकच, जपानीत तिची मोठी बिरादरी आहे. मशीनची घ्यायची ती 'तेइरे'. सावध राहायची ती 'चूई'. निघालेल्या माणसाला टेक केअर म्हणायचं ते 'कि ओ त्सुकेते'. आजाऱ्याला म्हणायचं ते 'ओदाइजि नि'. पर्वा नाही, आय डोन्ट केअर, ते आणखी भलतंच.

तिघांचे चेहरे पडले. पटले म्हणाला, "मॅडम, ये तो पूरा खानदान निकला!"

भारती सिस्टरने हात वर केला. "आनि म्हाताऱ्या माणसाचा हगणं-मुतणं काढते, जेवू घालते, आंघोळ घालते, त्या केअरले का म्हणतात?"

मी म्हटलं, "त्याला म्हणतात सेवा."

"मराठीत नाई वो, जपानीत!"

"जपानीतच सांगतेय. सेवा!"

सिस्टरने माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, मग पर्स उचलली. "मंग मी पैलेपासून जपानीच बोलून राहिली ना! उगाच जिना चढून राहिली!"

त्यांना परत बसवायला मला चहा मागवावा लागला.

*

मेश्राम काकांची एक सवय होती. आम्ही सगळे तिच्यावर हसायचो.

मालगाडीवर एका गार्डची ड्यूटी संपली आणि दुसरा आला, की पहिल्याने दुसऱ्याला चार्ज द्यायचा. नुसतं 'घे बाबा गाडी' म्हणून उतरून जायचं नाही. कुठल्या डब्याचा ब्रेक नीट धरत नाही, कुठलं दार तारेने बांधलंय, कुठे आवाज येतोय, सगळं तोंडाने सांगायचं. दुसऱ्याने ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. ते बरोबर असलं, की पहिल्याने म्हणायचं, 'ऑल राइट'. मगच गाडी दुसऱ्याची. रेल्वेच्या नियमात हे असंच लिहिलेलं होतं का, मला ठाऊक नाही. काकांच्या नियमात होतं.

आणि हा नियम त्यांनी घरी आणला! क्लासातही आणला! मी म्हणायचे, "वाताशि वा मेश्राम देसु." काका म्हणायचे, "वाताशि वा मेश्राम देसु." मग माझ्याकडे बघत उभे राहायचे. मी 'ऑल राइट' म्हणेपर्यंत खाली बसायचे नाहीत. भाषा शिकायला याच्याइतका चांगला विद्यार्थी शोधून मिळाला नसता. फक्त एक अडचण होती. मी म्हणायचे, "पटले, पंखा लाव रे." तर काका मागून म्हणायचे, "पटले, पंखा लाव रे!" आणि उभे.

एकदा मी त्यांच्या घरी गेले होते. शेवंताकाकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "सांबार आणा एक जुडी. मागच्या बारीसारखा पिवळा नको." आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्याने पुण्यामुंबईच्या पाहुण्यांची फार फजिती होते, पण तो किस्सा वेगळा.

काका चपला घालून दारात उभे राहिले. "सांबार एक जुडी. पिवळा नको." आणि थांबले.

आतून फक्त परात वाजली.

काका थांबलेच. मी काकूंकडे बघितलं. त्या कणीक तिंबत होत्या. "राहू द्या उभा," मला म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून उभा आहे. मी का मालगाडी आहो का, ऑल राइट म्हणाले? या मानसाले कोन्या वॅगनमंधी का भरला आहे ते सारा मालूम राहे. पोरगी का खाते, कायले रडते, ते मले विचारे! आठवड्यातून दोन दिवस घरी. तेयी झोपून!"

काका दारात अजून थोडं थांबले आणि 'ऑल राइट' न घेताच सांबार आणायला गेले. त्यांची पाठ बघून मला जरा वाईटच वाटलं. काकू चुकीचं बोलत नव्हत्या, म्हणून जास्त वाईट वाटलं.

*

पटलेच्या मशीनचा किस्सा तर मिलमध्ये अजून सांगतात.

मी स्वतः जाऊन त्याला दाखवून आले. हे बघ, इथे 'चूई' लिहिलंय, म्हणजे इथे हात घालायचा नाही. आणि इथे 'तेइरे', म्हणजे इथे रोज पुसायचं. पटलेने मिलमधल्या सगळ्या मजुरांना गोळा करून दोन्ही अक्षरं पाठ करून घेतली. बायका धान पाखडताना एकमेकींना 'चूई गं चूई' म्हणून चिडवायला लागल्या.

मग दसरा आला. मिलमध्ये मशीनची पूजा झाली. हळद, कुंकू, झेंडूची माळ. आणि ज्या बाईने पूजा केली तिने भक्तीने नेमकं त्या 'चूई'च्या अक्षरावर बोट-बोटभर कुंकू थापलं! मशीनवरचं तेच अक्षर तिला सगळ्यात ओळखीचं होतं ना!

दिवाळीआधी मशीन तपासायला रायपूरहून इंजिनिअर आला. बघतो तो काय, धोक्याची सूचना कुंकवाखाली गायब. तो भडकला. "ये वॉर्निंग किसने मिटाया? कोई हाथ डालेगा तो?"

पटले शांतपणे म्हणाला, "साहब, पहले पढ़ना पड़ता था. अब तो मजदूर दूर से ही हाथ जोड़ता है!"

इंजिनिअरने मशीन उघडली. आतून लखलखीत! रोज पुसलेली, एक भुस्काट नाही. जाताना त्याने पण हात जोडले.

*

भारती सिस्टरचं जपानी दवाखान्यात चालायचं. 'ओदाइजि नि' हा शब्द त्यांना फार आवडला. काळजी घ्या, बरे व्हा, असं आजाऱ्याला निरोप देताना म्हणायचं. घरी जाणाऱ्या प्रत्येक पेशंटला त्या जपानी पद्धतीने कमरेत वाकून म्हणायला लागल्या, "ओदाइजि नि."

एक दिवस सालेकशाकडची एक म्हातारी घरी जायला निघाली. सिस्टर वाकल्या. "ओदाइजि नि, आजी."

दोन दिवसांनी म्हातारीचा नातू दवाखान्यात परत. सगळ्या मेडिकलमध्ये फिरून आलेला, घामाघूम. "सिस्टर, थे ओदाइजिनी गोंदियात कुठंच नाई भेटून राहिली. आजी म्हणते, मले वाकून सांगितला, म्हणजे तेच मोठी गोळी असंल!"

दुसरी कोणी असती तर हसली असती. भारती सिस्टरने संध्याकाळी स्वतः एसटी पकडली, म्हातारीच्या घरी गेल्या, तिच्या जखमेची पट्टी बदलली, तिला जेवू घातलं आणि परत आल्या. दुसऱ्या दिवशी क्लासात मला म्हणाल्या, "मॅडम, थो शब्द मी आता म्हणत नाई. जाऊनच येते."

*

आता काकांचा जावई. सुजाता, काकांची एकुलती एक मुलगी, पुण्यात एका ऑफिसात कामाला होती. तिथे जपानहून ताकेशी नावाचा एक मुलगा दोन वर्षांसाठी आलेला. दोघांचं जमलं. सुजाताने घरी सांगितलं तेव्हा काकूंना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. काका म्हणाले, "पोराले इकडे येऊ दे. पाहू."

ताकेशी एकटा आला. त्या दिवशी गाडी अशी लेट झाली की बोलायची सोय नाही. काका फलाटावर बसून. शेवटी गाडी लागली, हा पोरगा उतरला, बॅग खाली ठेवली आणि काकांसमोर कमरेत वाकून इंग्रजीत म्हणाला, "आय अॅम व्हेरी सॉरी. द ट्रेन वॉज लेट."

काका घरी आले ते थेट स्वयंपाकघरात; मी तिथे काकूंसोबतच होते. "शेवंता, माही सारी उमर मालगाडीवर गेली. लेट झालेल्या गाडीसाठी मीच लोकायले तोंड देऊन राहिलो. गाडी लेट झाली म्हणून मले सॉरी म्हणणारा हा पैला मानूस! पोरगा चांगला आहे. लग्न लावून टाक!"

काकू म्हणाल्या, "गाडीसंग नाई, पोरीसंग लग्न लावाचा आहे." पण चहात त्यांनी दोन चमचे साखर जास्त घातली होती, एवढं माझ्या लक्षात आलं.

*

लग्न ठरल्यावर काकांनी ताकेशीच्या आईला फोन लावला. हारुकोबाई त्यांचं नाव. नवरा वारलेला, हा एकच मुलगा. काकांनी महिनाभर तयारी केली होती. नमस्कार, मी मेश्राम, सुजाताचा बाप, हवा कशी आहे, इथपर्यंत सगळं झकास झालं. मी शेजारी उभी राहून माना डोलावत होते. फोन ठेवताना त्यांना म्हणायचं होतं, टेक केअर. आणि त्या गडबडीत नेमकं आजाऱ्याला म्हणायचं ते वाक्य तोंडातून गेलं. "ओदाइजि नि!"

मग हारुकोबाई हळूच काहीतरी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रात्री मी निघता निघता सुजाताचा फोन. "बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"का सांगितला?"

"त्यांच्या गुडघ्याचं! त्यांचा गुडघा महिन्यापासून दुखतोय, त्यांनी ताकेशीलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्या म्हणतात, सुजाताचे वडील इतक्या दूर बसून ओळखतात, किती मायाळू माणूस!"

काकांनी फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काका, चूक झाली खरी, पण..."

"मॅडम," काका म्हणाले, "आता ते चूक सुधरवू नोका."

तेव्हापासून भारती सिस्टर गुडघ्याचा चार्ज घेऊन बसल्या. दर आठवड्याला काकांच्या फोनवरून हारुकोबाईंना व्यायाम सांगायच्या. अर्धं जपानी, अर्धी आमच्याकडची झाडीबोली. हारुकोबाईंना काय कळायचं देव जाणे, पण गुडघा सुधारला!

*

लग्न जवळ आलं तसं काकांचं ते एक वाक्य पुन्हा वर आलं. माझ्या मुलीला सांभाळा. आम्ही सगळे फळ्यासमोर बसलो.

सिस्टर म्हणाल्या, "सेवा घाला. सेवा बरा आहे." मी म्हटलं, "सिस्टर, सुजाता म्हातारी नाही, आजारी नाही." पटले म्हणाला, "तेइरे?" काका त्याच्यावर डाफरले, "माही पोरगी का मशीन आहे का बे?" मग 'चूई' निघालं, ते तर सगळ्यांनीच हाणून पाडलं; पोरगी सासरी पाठवताना कोणी 'धोका, सावधान' लिहून पाठवतं का!

शेवटी मी सांगितलं, की जपानात मुलीचा बाप अशा वेळी एकच म्हणतो. 'मुसुमे ओ योरोशिकु ओनेगाइ शिमासु.' मुलीला तुमच्यावर सोपवलं, तुमची कृपा असू द्या, असं काहीसं.

"योरोशिकु म्हणजे का?" काकांनी विचारलं.

मी सांगायचा प्रयत्न केला. की ते ओळख झाल्यावरही म्हणतात, काम सांगतानाही म्हणतात, ऑफिसात रोज म्हणतात.

"रोज म्हणतात?" काकांचा चेहरा उतरला. "गुड मॉर्निंगसारखा?"

"तसं नाही काका. पण हेच बरोबर आहे. याच्याहून बरोबर दुसरं नाही."

काकांनी वाक्य परत म्हणून दाखवलं. एक चूक नाही. मी 'ऑल राइट' म्हटलं. पण त्या दिवशी जिना उतरताना त्यांनी नेहमीसारखी कठड्यावर टिचकी मारली नाही.

*

हारुकोबाई आल्या. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, हसरी बाई. काकूंना त्यांचं नाव दोन दिवसात 'हारुबाई' असं जमलं.

पटलेने मिलमधून खास चिन्नोर तांदूळ पाठवला होता. घरभर त्याचा घमघमाट. पंगत बसली, हारुकोबाईंनी पिशवीतून स्वतःच्या काड्या काढल्या आणि भाताला लावल्या. जपानातला भात चिकट असतो, गोळ्याने उचलता येतो. आमचा चिन्नोर! एकेक शीत सुटं! काडीत तीन शितं यायची, तोंडाशी जाईपर्यंत एक उरायचं. बाई हसत हसत तसंच जेवत राहिल्या. अख्खी पंगत घास हातात धरून बघतेय.

शेवटी काकू उठल्या, त्यांच्या शेजारी मांडी घालून बसल्या, काड्या काढून बाजूला ठेवल्या आणि भातावर वरण घालून, कालवून त्यांचा हात धरून ताटात ठेवला. "असा घ्या, हारुबाई."

हारुकोबाईंनी पहिला घास हाताने घेतला. दुसरा घेतला. मग मला विचारलं, की रोज असंच जेवता? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे सुजाता मला भेटायला जपानला आली आणि काड्यांनी जेवत होती, तेव्हा उपाशी राहत असणार!"

त्या पुढचा सगळा मुक्काम हाताने जेवल्या.

*

लग्न विहारात झालं. साधंच; वंदना, हार, पेढे. आणि मग काका उठले. सगळा क्लास श्वास रोखून. काका हारुकोबाईंसमोर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मुसुमे ओ योरोशिकु ओनेगाइ शिमासु."

निर्दोष! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

हारुकोबाई वाकल्या आणि तेच परत म्हणाल्या, कारण तिकडून उत्तरही तेच द्यायचं असतं. मग काका वाकले. मग त्या वाकल्या. मग ताकेशी वाकला, म्हणून काका परत वाकले. आपण आधी थांबलो तर अपमान होईल, या भीतीने कोणीच थांबेना. शेवटी पटलेने मध्ये पेढ्यांचं ताट घुसवलं तेव्हा कुठे कंबरा सुटल्या!

सगळे खूश होते. काका सोडून. मांडवाच्या कडेला मी त्यांना गाठलं. "काका, किती छान म्हणालात!"

"हाव," काका म्हणाले. "पण मॅडम, चार्ज नाई दिल्या गेला."

*

लग्नानंतर दोन दिवसांनी सुजाता, ताकेशी आणि हारुकोबाई निघाले. नागपूरहून पुढे विमान. आम्ही सगळे गोंदियाच्या फलाटावर. गाडी लेट होती आणि काकांनी जन्मात पहिल्यांदा लेट गाडीला एकही शिवी दिली नाही. पटले आणि ताकेशी सामान घेऊन डब्याच्या जागेवर पुढे गेले. त्यात चिन्नोरची एक गोणीपण होती, ती विमानात कशी जाणार हा प्रश्न पटलेला पडला नव्हता. भारती सिस्टर हारुकोबाईंचा गुडघा शेवटचा तपासून घेत होत्या.

काका बाकड्यावरून उठले. शर्ट खाली ओढून नीट केला. हारुकोबाईंसमोर उभे राहिले आणि मराठीत म्हणाले, "ईनबाई, चार्ज घ्या."

ईनबाई म्हणजे विहीणबाई. पण चार्ज! आता याला जपानीत काय म्हणायचं? मी शब्द शोधतेय तोवर काका थांबलेच नाहीत. मोडक्यातोडक्या जपानीत सुरू झाले.

"सुजाताचे पाय थंड पडतात."

हारुकोबाई बघतच राहिल्या. काकांनी हाताने खूण केली, परत म्हणा. त्यांनी परत म्हटलं. काकांनी थंडीचा शब्द चुकीचा वापरला होता, तो त्यांनी बरोबर करून म्हटला. काकांनी मान हलवली. "ऑल राइट. आधी मोजे द्या. शाल मागून."

"आधी मोजे. शाल मागून."

"ऑल राइट."

सुजाता हसत सुटली. "बाबा, काय चाललंय!" शेजारी बसलेल्या काकूंनी तिला कोपर मारलं, "का म्हणून राहिले ते?" तेव्हा सुजाता आईला एकेक वाक्य मराठीत सांगायला लागली.

"वांगं खात नाही. खाल्लं म्हणून सांगते. ताटाखाली बघा."

"वांगं खात नाही. ताटाखाली बघते."

"ऑल राइट."

काकू माझ्याकडे वळल्या. "हे यायले कोनं सांगितला?"

"राग आला की बोलत नाही, भांडी घासते. घासलेली पण परत घासते. घासू द्या. अंधारात झोप येत नाही, बाहेरचा एक दिवा राहू द्या. विचारलं तर म्हणेल, मी काय लहान आहे का. तरी राहू द्या."

हारुकोबाई एकेक बोट मिटत सगळं परत म्हणत होत्या. आता त्या हसत नव्हत्या. पर्स खाली ठेवून सरळ उभ्या होत्या. 'दिवा राहू द्या'पर्यंत सुजाताने आईला सांगितलं आणि मग तिला सांगता येईना. ती तोंड फिरवून उभी राहिली. पुढचं मी काकूंच्या कानात सांगितलं.

"दहावीचा निकाल होता तेव्हा मी ड्यूटीवर होतो. ती स्टेशनावर येऊन बसली होती. माझी गाडी न थांबता गेली. तिने हात हलवला, मी झेंडी हलवली. ती पास झाली की नापास, ते मला तिच्या हातावरून कळलं. तिच्या तोंडून कळत नाही. हाताकडे बघा."

"हाताकडे बघते."

"ऑल राइट."

लांबून गाडीचा आवाज आला. लोक सामान उचलायला लागले. काकांनी मान वळवून सिग्नलकडे बघितलं आणि परत विहिणीकडे.

"फोनवर सगळं ठीक आहे म्हणाली आणि फोन लवकर ठेवला, तर ठीक नाही असं समजा. काही विचारू नका. नरम भात करा, जवळ बसा. ती मला सांगणार नाही. मग तुम्ही मला सांगा."

हारुकोबाईंनी हेही परत म्हटलं. अगदी हळू, एकेक शब्द ठेवत. "फोन लवकर ठेवला, तर ठीक नाही. काही विचारत नाही. नरम भात करते, जवळ बसते. मग मी तुम्हाला सांगते."

आणि त्या थांबल्या. काकांच्या तोंडाकडे बघत.

काकांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. परत उघडलं. हात खिशावरच्या शिट्टीकडे गेला आणि तिथेच राहिला. गाडी फलाटाला लागत होती, पटले तिकडून ओरडत होता, हारुकोबाई जागच्या हलायला तयार नव्हत्या.

शेवंताकाकू माझ्या शेजारून उठल्या. पदर खोचला. नवऱ्याच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, विहिणीच्या डोळ्यांत बघितलं आणि गाडीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या,

"ऑल राइट!"